ही ती नव्हे

वेधशाळा, डोंगरमाथा
९ मार्च

खडू,

तुझं पत्र जीपमधून बटाट्यांच्या खोक्याखाली दबून आलं. तुझ्या मामीने आधी बटाटे पाहिले, मग पत्र, मग माझ्यावर आवाज चढवला, की टपाल वर ठेवायला त्या ड्रायव्हरला किती वेळा सांगायचं. जसा काही ड्रायव्हर मी पाळलाय.

संग्रहालयात चित्रकार म्हणून लागलीस. छान झालं. लहानपणी फरशीवर चित्रं काढायचीस आणि उरलेला खडू खायचीस, तेव्हा ताई म्हणायची, हिचं पोट यावरच भरणार. तुझ्या आईचं बोलणं असं उशिरा खरं ठरतं.

मी दिवसभर काय करतो, विचारलंस. वारा मोजतो, पाऊस मोजतो, ढग पाहून वायरलेसवर खाली सांगतो. उरलेल्या वेळात वेधशाळेमागच्या राईत जातो. राई म्हणजे माथ्यावरची थोडीशी बुटकी, वाकडी झाडं. अंगभर शेवाळ. तिथे एक प्राणी आहे. गोगलगायच, पण पाठीवर शंख नाही. तळहाताएवढी. धुकं उतरलं की पाचोळ्यातून निघते, खोडावर चढते आणि शेवाळ खरवडून खाते. ऊन आलं की परत पाचोळ्यात. खालच्या गावात ती नाही. समोरच्या डोंगरावर जाऊन शोधली, तिथेही नाही. मी तिला बिनशंखी म्हणतो. मामी म्हणते, बिनकामाची.

एक मेलेली सापडली. स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवतोय. सोबत मी काढलेली पेन्सिलची चित्रं आहेत, हसू नकोस. तुमच्याकडे कुणाला तिची ओळख पटते का बघ.

मामा


संग्रहालय, चित्रशाळा
२ एप्रिल

मामा,

बाटली न फुटता पोचली. मी ती आमच्या विभागप्रमुख बाईंकडे नेली. इथे सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणतात. त्या इतक्या हळू बोलतात की समोरचा माणूस आपोआप पुढे वाकतो. त्यांच्या खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण वाकलेलाच असतो.

त्यांनी भिंग लावलं आणि जेवायच्या सुट्टीत जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ही कुठेच नोंदलेली नाही. त्यांचं म्हणणं असं, की कधीकाळी खालच्या मैदानावरही ओलं जंगल होतं. ते वाळत गेलं, तशी ती वर सरकत गेली. आता माथ्यावर अडकून पडली आहे. बेटावर अडकावं तशी. भोवती समुद्र नाही, ऊन आहे, इतकंच. "उतरायला वाट नाही तिला," असं म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातातून काढून घेतली, मी ती पाडणार असल्यासारखी.

नोंद करायची तर रंगीत चित्र लागतं, आणि ते मी काढायचं आहे. पण स्पिरिटने रंग खाल्ला. बाटलीतली राखाडी दिसते, ओल्या वर्तमानपत्रासारखी. तुझी चित्रं चांगली आहेत. मी हसले नाही, फक्त शिंगांना तू भुवया काढल्यास तिथे जरा थांबले. त्यांवरून रंग मात्र कळत नाही. वर तुमचा कॅमेरा आहे ना? फोटो पाठव.

नाही जमलं तर बाईंनी एक युक्ती सांगितली आहे. रंगाचं नाव कळवू नकोस. नावावर भरवसा नाही, लाल म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं लाल येतं. हुबेहूब त्याच रंगाची एखादी वस्तू सांग, जी मला इथे मिळेल. मी ती समोर ठेवून रंग जुळवेन. आमच्या चित्रशाळेचा नियमच आहे, आठवणीवरून रंगवायचं नाही.

मामीला म्हणावं, बिनकामाचीमुळे मला काम मिळालं.

खडू


वेधशाळा
२० एप्रिल

खडू,

फोटोंचा रोल धुऊन आला. सगळं धुकं. एका फोटोत मामीची पाठ आहे, ती ओळखता येते.

एक बातमी आहे, चांगली नाही. नियोजन मंडळाचं पत्र आलंय. माथ्यावर पर्यटकांसाठी गच्ची बांधायची आणि गाड्या लावायला जागा करायची. जागा कुठली, तर राई आहे तीच, कारण तिथून खालचं मैदान सगळ्यात चांगलं दिसतं. आधी त्यांची दोन माणसं पाहणीला येणार. राखण्याजोगं काही आहे का, ते बघणार. नसलं तर झाडं पाडणार. मी बिनशंखीचं लिहिलं, तर उत्तर आलं की नोंद आणि चित्र असेल तर पाठवा, पाहणीवाले ते बरोबर घेऊन येतील. म्हणजे आता सगळं तुमच्या बाईंवर आणि तुझ्यावर आहे. तुला घाबरवायला लिहीत नाही. पण आहे ते आहे.

रंगाचं. बरेच दिवस वस्तू शोधत होतो. टोमॅटो नाही. जीपचा मागचा दिवा नाही. मामीने तिच्या हिशोबाच्या वहीचा पुठ्ठा पुढे केला, तोही नाही. मग एकदा धुक्यात ती खोडावर वळली आणि मला ताईची शाल दिसली. मी नोकरीला लागलो तेव्हा तिला घेतलेली. तोच रंग, हुबेहूब. शाल तुझ्याकडेच आहे ना? काढ आणि समोर ठेव. तुझ्या बाईंना म्हणावं, याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

मामा


चित्रशाळा
११ मे

मामा,

शाल आईच्या पेटीतून काढली. आधी नुसती घेऊन बसले. मग उत्तरेच्या खिडकीशी खुर्चीच्या पाठीवर घातली, कारण तिथला उजेड दिवसभर बदलत नाही, आणि रंग कालवायला घेतले. मी इतक्या काळजीने कधीच काम केलं नसेल. कागदाचा रंगवलेला तुकडा शालीवर ठेवायचे आणि लांब जाऊन बघायचे. शेवटी असा एक तुकडा झाला की शालीवर ठेवल्यावर दिसेना. तोच रंग वापरला.

डॉक्टरबाई शालीकडे बघून म्हणाल्या, "कुणाची?" मी म्हटलं, आईची. त्यांनी ती घडी घालून खुर्चीवर ठेवली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

चित्र सोबत आहे. तू हो म्हणालास की छापायला जाईल. बाईंचं म्हणणं, जिवंत बिनशंखी रोज पाहणारा जगात एकच माणूस आहे, त्याने म्हटल्याशिवाय आपण बरोबर आहोत असं मानायचं नाही. तेव्हा नीट बघ. मामाने चूक काढलेली मला चालेल.

खडू


वेधशाळा
२४ मे

खडू,

चित्र मिळालं. पाठीवरच्या सुरकुत्या, डोळ्यांच्या दांड्या, उजव्या अंगाचं श्वासाचं भोक, सगळं जागच्या जागी आहे. भुवया काढल्या नाहीस. हुबेहूब आहे. बाईंना तसं सांग.

वारा पश्चिमेचा आहे. पाऊस बेताचा. मामीचा खोकला गेला.

मामा


चित्रशाळा
१५ जून

मामा,

छापलं. चित्राखाली बारीक अक्षरात माझं नाव आहे, इतकं बारीक की माहीत नसेल तर डाग वाटेल. मी तो डाग खोलीतल्या सगळ्यांना दाखवला. बाईंनी वर्णन लिहिलं, त्यात अधिवास म्हणून फक्त तुझा माथा आहे. बाकी जगापुढे रेघ.

मंडळाला प्रती गेल्या. पाहणीवाले महिनाअखेरीस वर येतील. त्यांना चहा दे, वाद घालू नकोस. तू वाद घालायला लागलास की तुझा आवाज वायरलेसवर बोलतोस तसा होतो.

तुझं मागचं पत्र तोकडं होतं. खूश आहेस ना?

खडू


वेधशाळा
८ जुलै

खडू,

पाहणी झाली. लिहायला हात वळत नव्हता, म्हणून उशीर.

दोघे आले. एक वयस्क, छत्री घेऊन. एक तरुण, नवे बूट घालून. तुझं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून आणलं होतं. धुकं चांगलं होतं. मी त्यांना राईत नेलं आणि तिसऱ्या झाडावर ती होती. चांगली मोठी. मी म्हटलं, ही बघा.

छत्रीवाल्याने पुठ्ठा तिच्याशेजारी धरला. एकदा तिच्याकडे, एकदा चित्राकडे. मग म्हणाला, "ही ती नव्हे."

मी म्हटलं, "अहो, हीच ती. दुसरी इथे नाहीच."

"रंग बघा ना साहेब. चित्रातली फिकट आहे. ही वेगळीच कुठली तरी."

"आकार बघा. भोक बघा, उजव्या अंगाला."

"आकार सगळ्यांचा सारखाच असतो," तरुण म्हणाला. "आम्ही काल खालच्या विश्रामगृहाच्या बागेत पाहिल्या. अगदी ह्या चित्रासारख्या. कुंड्यांखाली पसाभर. माळी मीठ टाकून कंटाळलाय."

मी वाद घातला. आवाज वायरलेससारखा झाला असणार. त्यांनी चहा घेतला नाही.

अहवालाची प्रत आली आहे. त्यात आहे की चित्रातली गोगलगाय परिसरात सर्वत्र आणि विपुल आढळते, तिच्यासाठी राई राखण्याचं कारण दिसत नाही. आणि माथ्यावर तांबड्या रंगाची एक दुसरी जात दिसली, तिची कुठे नोंद नाही, सबब विचारात घेतली नाही. मंडळ ऑगस्टच्या मध्याला बसेल.

माणसांना डोळे दिलेत ते कशाला, कळत नाही.

मामा

ताजा कलम. मी मामी. हे पाकीट मी चिकटवते असं सांगून घेतलंय. पोरी, तुझे मामा तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. तुझं चित्र आलं त्या दिवशी हे ते घेऊन खिडकीशी गेले, मग दाराशी, मग बाहेर. आत येऊन मला म्हणाले, "ही आजारी आहे का गं?" मी म्हटलं, मग तसं लिहा पोरीला. तर म्हणे पहिलंच काम आहे तिचं, रंग छापताना सुधारेल. छापखान्यात काय औषध देतात? खरी बिनशंखी चांगली लालभडक आहे. तुझ्या चित्रातली दुधात पडलेल्या बिस्किटासारखी आहे. चित्र सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण ती ही नव्हे. मला रागावू नकोस.


चित्रशाळा
१९ जुलै

मामा, मामी,

मामी, रागावले नाही. मामा, तुझ्यावर रागावले आहे, आणि ते लिहून झाल्यावर बाकीचं लिहीन. मी तुला नीट बघ म्हटलं होतं. तू हुबेहूब लिहिलंस. तुझ्या त्या एका शब्दावर बाईंनी सही केली. लाड करायचे तर माझे करावेत, चित्राचे नाही.

झालं. आता बाकीचं.

मामीचं वाचलं आणि मी शाल परत काढली. रंग पुन्हा जुळवला. तोच आला, मळकट गुलाबी. म्हणजे माझी चूक नाही, असं वाटून अर्धा तास बरं वाटलं. मग किनारीला हात लागला. किनार आत दुमडून शिवलेली आहे, आईने स्वतः, तिचे मोठे मोठे टाके. मी टाके उसवले. दुमडीच्या आतला पट्टा बोटभर रुंद. मामा, तो डाळिंबी आहे. इतका गडद की मी हात मागे घेतला.

मी जन्मल्यापासून ती शाल मळकट गुलाबीच पाहिली. तिला दुसरा रंग होता हे मला माहीतच नव्हतं. तू तुझी शाल सांगितलीस, मी माझी रंगवली. एकच शाल.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बोलतील. त्यांनी उसवलेली किनार बघितली आणि म्हणाल्या, "चूक छापून गेली आहे. दुरुस्तीही छापावी लागेल. तुमच्याच नावाने." मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "आता या पट्ट्यावरून रंगवू नका. वर जा."

मी येते आहे. मंडळ बसायच्या आत चित्र जिवंत बिनशंखीवरून झालं पाहिजे. नाही झालं तर राई जाईल, आणि ती माझ्या चित्राने गेली असेल. पुढच्या जीपने निघते. आईला चढण सोसायची नाही म्हणून आम्ही कधी वर आलोच नाही. मला सोसेल.

खडू


वेधशाळा
२७ जुलै

खडू,

ये. हे पत्र तुझ्या आधी पोचेल की नंतर, माहीत नाही.

तू रागावलीस ते बरोबर आहे. तुझं चित्र पाहिलं तेव्हा मला वाटलं, तू मुद्दामच तिला नाजूक केलं असशील, शहरात तसं चालत असेल. तुझ्या पहिल्या कामावर काट मारायला माझा हात धजेना. शालीचं माझ्या डोक्यात आलंच नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती ताईच्या खांद्यावर होती, तेव्हा मी तिच्या उशाशी बसायचो. ती विटली असेल. असणारच. मला ती डाळिंबीच दिसत होती. माणसाने अंगावर घेतलेली असली की शाल विटलेली दिसत नाही.

एक वाईट आहे. तुझं पत्र आल्यापासून पावसाने दडी मारलीय, ऊन पडलंय. धुकं नाही. राई करकर वाजते. सकाळ-संध्याकाळ पाचोळा उचलून बघतो, एकही वर येत नाही. खोदून काढायची नाही, ती मरेल. तू येशील आणि तुला झाडं तेवढी दिसतील, असंही होईल. तरी ये.

मामीने तुझ्यासाठी मधली खोली रिकामी केली. तिथली माझी सगळी उपकरणं आता पलंगाखाली आहेत. वाऱ्याचा वेग मला पलंगाखाली वाकून बघावा लागतो.

मामा


चित्रशाळा
२२ ऑगस्ट

मामा,

पोचले. पाय अजून दुखतात, आणि खोली सपाट असूनही मी वाकून चालते. बाई म्हणाल्या, आता तुम्ही इथल्या दिसता.

मंडळाचं सांगते, पण आधी मामीला सांग की तिच्या झारीचा उल्लेख बाईंनी टिपणात केला आहे. मी आले त्यानंतर इतके दिवस कोरडे गेले, तू पाचोळ्यात गुडघे टेकून "आज नाही, आज नाही" पुटपुटायचास, मी कागद ओला करून बसायचे आणि तो वाळायचा. आणि मामी रोज सकाळी भाजीच्या वाफ्याला पाणी घालता घालता आपल्याला हसायची. शेवटी तिनेच झारी उचलली, सरळ राईत गेली आणि त्या मोठ्या झाडाला वरपासून खालपर्यंत अंघोळ घातली. तू म्हणालास, "धुकं असं बनत नाही." ती म्हणाली, "तुम्ही मोजा, मी बनवते." आणि दुपार व्हायच्या आत बिनशंखी खोडावर होती.

मला जे सांगायचं होतं ते तिथे सांगता आलं नाही, कारण तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू ते घाम म्हणून पुसत होतास. सांगायचं हे, की ती शालीच्या रंगाची नाही. माझ्या शालीच्या नाही, तशी तुझ्याही नाही. मी किनारीचा पट्टा बरोबर आणला होता, तू राईच्या बाहेर गेलास तेव्हा तिच्याशेजारी धरून पाहिला. ती त्याहून गडद आहे. पाठीवर ओलेपणाचा निळसर थर आहे, त्यातून डाळिंबी दिसतं, आणि पोटाखालच्या सपाट पायाच्या कडेने नारिंगी रेघ जाते, विझत आलेल्या निखाऱ्याची असावी तशी. ती रेघ तू कधी सांगितली नाहीस. मला वाटतं, तुला शाल दिसली आणि रेघ दिसायची राहिली. मी ती रंगवली आहे.

आता मंडळ. बाई स्वतः गेल्या, मलाही नेलं. अध्यक्ष जाड आवाजाचे आहेत, त्यामुळे बाई बोलायला लागल्या की सगळं टेबल पुढे वाकायचं आणि ते बोलले की मागे जायचं. ते म्हणाले, "मागच्या खेपेला ते चित्र बरोबर म्हणालात. आता हे बरोबर म्हणता. उद्या तिसरं आणाल."

बाई म्हणाल्या, "मागचं चूक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"म्हणूनच यावरही भरवसा ठेवा."

अध्यक्षांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. मग त्यांनी विचारलं, चित्र कुणाचं. मी उभी राहिले आणि दोन्ही माझीच म्हटलं.

त्यांनी पाहणीवाल्यांना परत पाठवायचं ठरवलं आहे, नव्या चित्रासह. तेच दोघे. निकाल त्यानंतर. या खेपेला तू आत बस, मामीला पाठव.

खडू


वेधशाळा
१४ सप्टेंबर

खडू,

आले होते. मी आत बसलो नाही, पण गप्प बसलो. मामी म्हणते, एवढं अवघड काम मी नोकरीतसुद्धा केलं नाही.

धुकं दाट होतं. छत्रीवाल्याने तुझं नवं चित्र खोडाशी धरलं आणि छत्री मिटली. बराच वेळ बघत होता. मग खिशातून जुना पुठ्ठाही काढला. तो त्याने टाकला नव्हता. दोन्ही धरली. तरुणाने विचारलं, "तीच का?" तो म्हणाला, "थांब जरा, ती कड दाखवते आहे." ती हलली आणि तुझी ती रेघ दिसली. मलाही तेव्हाच दिसली, खडू. एवढ्या वर्षांत.

मग दोघांनी अख्खी राई पालथी घातली, आणि नंतर दुपारभर राईबाहेरचा सगळा उतार. राईत पुष्कळ, बाहेर एकही नाही. तरुण दोनदा घसरला. त्याचे बूट आता नवे राहिले नाहीत. विश्रामगृहातली एक फिकट गोगलगाय त्यांनी डबीत घालून आणली होती, ती काढून शेजारी ठेवली. दोघींचं एकमेकींशी काही नातं आहे असं कुणालाही वाटलं नसतं. डबीतली तेवढ्यात मामीच्या वाफ्याकडे निघाली, मामीने तिला परत डबीत घातली.

जाताना छत्रीवाला म्हणाला, "मागच्या वेळी आम्ही चित्र बघितलं आणि हिला नाही." मी म्हटलं, तुम्ही एकटे नव्हता. चहा घेतला या वेळी. दोन-दोन कप.

आता वाट बघायची.

मामा


चित्रशाळा
३ ऑक्टोबर

मामा,

राई राहिली.

हे एक वाक्य वेगळं लिहिलंय, म्हणजे मामीला लगेच वाचून दाखवता येईल. गच्ची आणि गाड्या खालच्या खिंडीपाशी होणार. तिथे नुसता खडक आहे. बाईंनी बातमी सांगितली तेव्हा त्या मोठ्याने बोलल्या. म्हणजे इतरांएवढ्या.

आता दुसरं, जे मी बरेच दिवस लिहू शकत नव्हते. मंडळाची अट आहे. राईभोवती तारेचं कुंपण घालायचं, आणि आत कुणीही जायचं नाही. पाय पडून पाचोळा दबतो, तिची अंडी त्यातच असतात, हे बाईंच्याच टिपणात आहे. कुणीही म्हणजे वेधशाळेचे लोकही. बाईंनी तुझं नाव वगळायला सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, आज एक नाव वगळलं की उद्या नावं यायला लागतात. त्यांचं खोटं नाही. तरी मी त्यांच्याशी भांडले, आणि माझाही आवाज वायरलेससारखा होतो, हे कळलं.

ती तुझी होती, मामा. आम्ही ती वाचवली आणि तुझ्याकडून काढून घेतली. तू काहीतरी लिही. रागावलास तर तसं लिही. फक्त हुबेहूब म्हणू नकोस.

खडू


वेधशाळा
२५ ऑक्टोबर

खडू,

रागावलो नाही. ते खरं नाही. दोन दिवस रागावलो होतो, कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

कुंपण झालं. काम बरं केलंय. फाटकाला कुलूप आहे, किल्ली खाली मंडळाकडे. पहिल्या सकाळी मी सवयीने राईकडे चालायला लागलो आणि तारेला छाती लागली. मामी दारातून बघत होती. हसली नाही, यावरून समज. आता तारेच्या बाहेरून एक फेरी मारतो. आतली झाडं तिथून दिसतात, खोडावरचं काही दिसत नाही. दुर्बिणीने पाहिलं, धुक्यात दुर्बिणीला धुकंच दिसतं. ती आहे, एवढं माहीत आहे. पूर्वी मला ती दिसायची आणि ती राहील की नाही हे माहीत नव्हतं. यातलं कुठलं बरं, ते तू विचारलंस तर मी सांगेन. विचारू नकोस.

आज सकाळचं लिहितो. स्वयंपाकघराची मागची भिंत तुला आठवत असेल, राईच्या बाजूची, शेवाळाने हिरवीगार. मामी वर्षभर त्या भिंतीवरून माझं डोकं खाते आहे. शेवटी या जीपने चुना आला. काल तो तिने भिजवला, ब्रश आणला, डोक्याला फडकं बांधलं. सकाळी बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली आणि मला हाक मारली. हळू. तुझ्या मामीने मला हळू हाक मारल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी पळतच गेलो.

बिनशंखी भिंतीवर होती. तार आणि भिंत यांत फार अंतर नाही, पण तिच्या चालीने ती बहुधा कालच निघाली असणार. भिंतीवर तिच्या खाण्याची वाट उमटली होती, हिरव्यात वळणं घेत गेलेली स्वच्छ रेघ, एका पोराने खडूने गिरगटावं तशी. पुढे आणखी एक चढत होती, लहान.

मामीने विचारलं, "चुना लागला तर?"

मी म्हटलं, "मरेल."

तिने बादलीत पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. भिंत खरोखर वाईट दिसते, मलाही मान्य आहे. मग तिने बादलीवर झाकण ठेवलं, ब्रश पुसला आणि मी पुढे वाकून बघत होतो तर मला बाहीला धरून मागे ओढलं.

"असे तोंडावर उभे राहू नका," म्हणाली. "खाऊ द्या तिला."

मामा